काका, रूट्सटेकला जाताना एकच माणूस सोबत न्या

प्रश्न: ताई, मी सातारा जिल्ह्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेला मास्तर, वय ७१. मुलगी-जावई अमेरिकेत डेन्व्हरला असतात. मार्चमध्ये मी तिकडे असेन तेव्हा सॉल्ट लेक सिटीत रूट्सटेक नावाची वंशावळीवाल्यांची मोठी परिषद भरते, मुलीने तिथली दोघांची तिकिटं काढून ठेवलीत. आमच्याकडे आजोबांनी स्वतःच्या हाताने काढलेली नऊ पिढ्यांची वंशावळ आहे आणि एक ट्रंकभर मोडी कागद आहेत. वंशावळीत पणजोबांच्या धाकट्या भावाच्या नावापुढे फक्त 'लढाईत, बसरा. निपुत्रिक' एवढंच लिहिलंय. पुतण्या म्हणतो, तिकडे सगळं गोऱ्यांचं, आपल्याला काय मिळणार. तयारी काय करू? ट्रंकेतले कागद नेऊ का? इंग्रजी वाचता येतं पण भरभर बोललेलं कळत नाही. आणि तिथे डीएनए टेस्ट स्वस्तात होते म्हणे, करावी का?

उत्तर: काका, नमस्कार. तुमच्या पत्रात प्रश्न चार-पाच आहेत पण मी अडकले ते 'लढाईत, बसरा. निपुत्रिक' या तीन शब्दांवर. पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा तिथेच थांबले. आणि मला वाटतं तुमच्या सगळ्या तयारीचं उत्तर पण त्यातच आहे, म्हणजे तुम्ही नऊ पिढ्या घेऊन जाऊ नका, हा एकच माणूस घेऊन जा.

का ते सांगते. रूट्सटेक ही अवाढव्य गोष्ट आहे. २०११ पासून सॉल्ट लेक सिटीत भरते, फॅमिलीसर्च नावाची संस्था भरवते, सॉल्ट पॅलेस नावाच्या मोठ्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच वेळी कितीतरी खोल्यांमध्ये व्याख्यानं चालू असतात, आणि खाली प्रदर्शनाच्या हॉलमध्ये कंपन्यांचे स्टॉल, सॉफ्टवेअरवाले, जुने फोटो नीट करून देणारे, पुस्तकंवाले, सगळी जत्राच. मी एकदा गेलेय. माझ्या आजीचे वडील पूर्व आफ्रिकेत रेल्वेत नोकरीला होते एवढं घरात माहीत होतं, पण मी जाताना सगळं घराणं डोक्यात घेऊन गेले होते, आईकडचं, वडिलांकडचं, कोकणातलं मूळ गाव, सगळं. पहिला अख्खा दिवस या खोलीतून त्या खोलीत फिरण्यात गेला आणि हातात काही नाही. दुसऱ्या दिवशी मदतीच्या टेबलवर एक वयस्कर बाई बसल्या होत्या, त्यांनी माझं सगळं पाच मिनिटं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, यातला कोणता एक माणूस शोधायचाय, त्याच्या आयुष्यातली कोणती एक गोष्ट शोधायचीय. मला पटकन सांगताच आलं नाही. तो प्रश्न मी घरूनच ठरवून न्यायला हवा होता.

तुमच्याकडे तो प्रश्न आजोबांनीच लिहून ठेवलाय. पणजोबांचा धाकटा भाऊ कोणत्या पलटणीत होता, कधी गेला, कुठे गेला आणि त्याचं नाव कुठे लिहिलंय का. बास. आणि काका, तुमचा हा प्रश्न असा आहे की त्याची उत्तरं खरंच परदेशातल्या कागदांत असू शकतात, त्यामुळे पुतण्याला सांगा की बाबा रे, माणूस गेला बसऱ्याला म्हणजे इराकमध्ये, बहुतेक पहिल्या महायुद्धात, नोकरी केली इंग्रजांच्या फौजेत, मग कागद पण गोऱ्यांकडेच सापडणार ना.

आता या माणसाची तयारी कशी करायची. विमानात बसायच्या आधीच निम्मं काम होतं, खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त.

पहिलं, घरात सगळ्यात म्हातारं कोण आहे बघा. आत्या, चुलती, भावकीतली एखादी नव्वदीची आजी. आजच फोन करा किंवा जाऊन बसा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा, त्यांना सांगून लावा. आणि सन विचारू नका. म्हाताऱ्या माणसाला कोणत्या साली म्हटलं की ती गप्प होतात, आपल्याला काही माहीत नाही असं वाटायला लागतं त्यांना. त्याऐवजी खुणेच्या गोष्टी विचारा. तुमची सासू या घरात लग्न होऊन आली ती मानमोडीच्या आधी का नंतर? मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, तुमच्या भागात जुन्या बायकांच्या बोलण्यात अजून येते. जुनं घर कधी पडलं, कोयनेच्या भूकंपात का? म्हणजे डिसेंबर १९६७. तो कागद कधी बघितला होता, दुष्काळाच्या आधी? म्हणजे १९७२. अशा खुंट्यांवर आठवणी बरोबर टांगल्या जातात. आणि त्या भावाबद्दल असं विचारा, की घरात त्याचं नाव कोण काढायचं, त्याचं लग्न झालं होतं का, त्याची बायको मग कुठे गेली, माहेरी का दिराकडे राहिली, तिला सरकारकडून काही पैसे यायचे का, घरात एखादा बिल्ला किंवा पितळेची मोठी गोल तबकडी होती का. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या घरी अशी नाव कोरलेली तबकडी इंग्रज सरकार पाठवायचं, कित्येक घरांत ती मोडीत गेली किंवा अडगळीत पडलीय. 'निपुत्रिक' शब्दात त्या बाईचा पत्ताच नाही बघा. ती सापडली तर पेन्शनची वाट सापडेल, म्हणून तिला विसरू नका.

दुसरं, तलाठी ऑफिस आणि तहसीलची रेकॉर्ड रूम. भाऊ निपुत्रिक गेला म्हणजे त्याच्या वाट्याची जमीन कधीतरी तुमच्या पणजोबांच्या नावावर चढली असणार, त्याची फेरफार नोंद असणार, आणि त्या नोंदीत बरेचदा लिहिलेलं असतं की अमुक हा मयत, सबब वारस भाऊ तमुक. जुने फेरफार बऱ्याच जिल्ह्यांचे स्कॅन होऊन सरकारी साइटवर पण आलेत, थोडे पैसे भरून मिळतात, नाहीतर अर्ज करून नक्कल घ्या. गावचा जन्म-मृत्यूचा रजिस्टर म्हणजे गाव नमुना १४ पण बघा, बाहेर मेलेल्याची मृत्यूनोंद तिथे नसेल कदाचित पण त्याच्या भावंडांच्या जन्मनोंदी मिळाल्या तर त्याचं वय अंदाजाने काढता येतं. हे मार्चच्या आत करायचं असेल तर उद्याच अर्ज टाका, सरकारी नक्कल आपल्या तारखा बघून येत नाही.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, स्पेलिंगची यादी. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेलं नाव आहे ते. गणपत असेल तर गणपती, गुणपुट, गनपत, काहीही. जाधवचं जाधो, जादव, जाधाव, यादव. शिंदे असेल तर सिंदे, शिंधे, सिंदिया. आणि बऱ्याच ठिकाणी आडनाव लिहिलेलंच नाही, नुसतं नाव आणि बापाचं नाव, आणि गावाचं स्पेलिंग असं की आपलंच गाव आपल्याला ओळखू येत नाही. एका वहीत त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका, प्रत्येकाची इंग्रजीत दहा-दहा स्पेलिंगं मुलीकडून लिहून घ्या. मोठ्याने म्हणा आणि तिला कान देऊन लिहायला सांगा, आपल्याला बरोबर स्पेलिंग नकोच आहे, साहेबाच्या कानाला काय ऐकू आलं असेल ते हवंय.

आणि मग ही यादी घेऊन घरी बसूनच कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर शोधायला लागा, फुकट आहे. तिथे दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची नोंद असते, आणि हिंदी शिपायांच्या पुष्कळ नोंदींमध्ये पलटण, नंबर, तारीख, आणि नशीब असेल तर वडिलांचं नाव, गाव, सातारा, बॉम्बे असं सगळं लिहिलेलं असतं. बसऱ्याला या कमिशनचं मोठं स्मारक आहे, १९१४ ते १९२१ मध्ये मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये मेलेल्या आणि ज्यांची थडगी माहीत नाहीत अशा ४०,००० पेक्षा जास्त माणसांचं. पण काका, हे मनाची तयारी करून वाचा, त्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या कोरली. नावं वेगळ्या रजिस्टरमध्ये गेली. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस काही सुचलं नाही. म्हणजे तुमच्या आजोबांनी त्या कागदावर शाईने जे लिहिलं ते दगडावर लिहायचं राहून गेलेलं नाव असू शकतं.

एक सावध करते. घरातलं 'लढाईत, बसरा' हे शब्दशः धरू नका. बसरा हे बंदर, सगळे तिथेच उतरायचे, पत्रं तिथून यायची, त्यामुळे घरच्यांसाठी सगळा मुलूखच बसरा. इंग्रजांच्या फौजेतली सहावी पुणे डिव्हिजन वर बगदादच्या दिशेने गेली, मागे हटली, कुत अल अमारा या गावी डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली, त्यात मराठा पलटणी होत्या, आणि नंतर कैदेत असताना पण खूप माणसं गेली. शिवाय कॉलरा, उष्माघात, हगवण, यांनी मेलेले कमी नाहीत. तेव्हा शोधताना बसरा एवढंच न टाकता इराक अख्खा टाका, बगदादच्या दफनभूम्या पण बघा, आणि सन १९१४ पासून १९२१ पर्यंत मोकळं ठेवा. नाव सापडलं की पलटण कळते, पलटण कळली की तिच्या वॉर डायऱ्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत, त्यात शिपायाचं नाव सहसा नसतं पण त्या दिवशी ती पलटण कुठे होती, पाऊस होता का, रसद किती उरली होती, हे असतं. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, तिकडे पण एक पत्र टाकून ठेवा, मराठीत टाकलं तरी चालेल. आणि तुमच्या जिल्ह्यातलं आपशिंगे मिलिटरी तर तुम्हाला मी काय सांगायचं, तिथल्या एखाद्या जुन्या घराशी बोललात तर तुमच्या माणसाच्या बरोबरचे कोण कोण गेले होते ते पण कळेल, एकेका गावातली पोरं बरोबरच भरती व्हायची.

आता ट्रंक. काका, ट्रंकेतला एकही मूळ कागद विमानात नेऊ नका. हात जोडून सांगते. बॅग हरवली, पाणी सांडलं, हे तर आहेच, पण कायद्याचा पण प्रश्न आहे. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे, त्यात ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं आणि ऐतिहासिक मूल्य असलेले कागद पुरावशेष धरले जातात, आणि असा पुरावशेष खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तुमच्या ट्रंकेतला एखादा कागद नुसता शेतसाऱ्याची पावती असेल आणि दुसरा इनामाचा असेल, ते ठरवत विमानतळावर कोण बसणार. तेव्हा फोटो न्या.

फोटो काढायची माझी पद्धत सांगते, स्टुडिओ वगैरे काही लागत नाही. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला खिडकीजवळ, थेट ऊन नाही पण उजेड भरपूर, खाली एक साधी गडद चादर. कागद दुमडलेला असेल तर जबरदस्तीने उलगडू नका, आधी एक रात्र उघड्यावर मोकळा ठेवा, जरा सैल पडतो. घडीवर फाटलेला असेल तर सेलोटेप अजिबात नको, सेलोटेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि शाई खातो, मी आमच्या घरचा एक कागद असाच गेलेला बघितलाय, मधल्या दोन ओळी कायमच्या गेल्या. फ्लॅश बंद. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे कागद केवढा ते कळतं. आणि प्रत्येक कागदाची पाठ काढायचीच, कारण पाठीवर कुणाच्या हाती दिला, कधी पोचला, कोणत्या पोस्टाचा शिक्का, हे असतं आणि कधीकधी पुढच्या मजकुरापेक्षा तेच जास्त कामाचं. फोटोच्या फाइलला लगेच नंबर द्या, कागदाला नाही, कागद ज्या पाकिटात ठेवाल त्या पाकिटावर पेन्सिलने तोच नंबर.

मोडी वाचून घ्यायचं काम इथेच, आत्ताच. सॉल्ट लेकला कुणी मोडी वाचणारं भेटेल या भरवशावर जाऊ नका. सगळी ट्रंक वाचून होणार नाही एवढ्यात, आणि २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून चांगल्या मोडी वाचकांना वेळ नाही, तेव्हा साधारण १९१० ते १९२५ मधले वाटणारे, पोस्टाचा शिक्का असलेले, इंग्रजी छापील फॉर्मसारखे दिसणारे कागद आधी वेगळे काढा आणि तेवढेच वाचायला द्या. लिप्यंतर म्हणजे जसंच्या तसं बाळबोध, आणि त्याखाली मुलीकडून दोन-तीन ओळींत इंग्रजी सारांश. तुम्हाला स्वतःला शिकायची हौस असेल, मास्तर आहात म्हणून म्हणते, तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात, परत आल्यावर जरूर बघा.

कागदांवरचे सन मात्र इथूनच लावून न्या. शक असेल तर त्यात ७८ मिळवा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. फसली सन, म्हणजे जुनं महसुली वर्ष, असेल तर ५९० किंवा ५९१. आणि जुन्या कागदांत सुहूर सन असेल, तो अरबी शब्दांत लिहिलेला, इसन्ने, सलास, खमस असा, तर ५९९ किंवा ६००, कारण ते वर्ष मृगात बदलतं. ही आकडेमोड एका पानावर लिहून न्या, तिथल्या मदत करणाऱ्यांना ती नवीन असते आणि पान पुढे केलं की ते फार आनंदाने समजून घेतात.

परिषदेपेक्षा मला तुमच्यासाठी जास्त मोलाची वाटते ती तिथली लायब्ररी. फॅमिलीसर्च लायब्ररी, पाच मजली, फुकट, सॉल्ट पॅलेसपासून चालत जाण्यासारखी. या लोकांनी १९३८ पासून जगभरच्या नोंदींचं मायक्रोफिल्मिंग केलं, चोवीस लाखांवर रीळ झाले, आणि २०२१ मध्ये त्यांचं डिजिटायझेशन पूर्ण केलं. घरून त्यांच्या साइटवर बघताना काही ठिकाणी कुलूप दिसतं, ती पानं बऱ्याचदा लायब्ररीत किंवा त्यांच्या केंद्रात बसूनच उघडतात. म्हणून डेन्व्हरहून निघताना परिषदेच्या एक-दोन दिवस आधी पोचा, परिषद सुरू झाली की लायब्ररीतही गर्दी असते. घरून कुलूपवाल्या पानांची यादी करून न्या आणि पोचल्या पोचल्या तीच उघडा. तज्ज्ञांशी आधी वेळ ठरवून ऑनलाइन पण बोलता येतं, ते जायच्या आधी मुलीला करायला सांगा, अर्धी शंका तिथेच मिटते.

तिथे आणखी एक गोष्ट बघाच, म्हणजे तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. त्यांच्याकडे हिंदू तीर्थक्षेत्रांच्या नोंदींचा एक संग्रह आहे, पंड्यांच्या वह्या, मुख्यतः हरिद्वार आणि उत्तरेकडच्या ठिकाणच्या, सत्तरच्या दशकापासून फिल्म केलेल्या. तुमच्या घरातलं कुणी हरिद्वारला गेलं असेल तर शोधा. पण साताऱ्याकडच्या घराची खरी वही नाशिक-त्र्यंबकेश्वरला तुमच्या तीर्थोपाध्यांकडे असणार, आणि जमलं तर ती जायच्या आधी बघून घ्या. मी आमची बघितलीय. रामकुंडाजवळच्या घरात गुरुजींनी आडनाव आणि मूळ गाव विचारलं, आत गेले, लाल फडक्यात बांधलेली लांबट वही आणली, पानं उलटताना नुसती ओठांतल्या ओठांत नावं म्हणत होते, आणि एका पानावर बोट ठेवून वही माझ्याकडे फिरवली. माझ्या आजोबांच्या वडिलांची सही. 'श्री' जरा मोठा काढलेला, आणि खाली त्यांच्याच अक्षरात 'समागमे मातोश्री' म्हणून त्यांच्या आईचं नाव. त्या बाईचं नाव आमच्या वंशावळीत नव्हतं. कुठेच नव्हतं. तुमच्या पणजोबांनी दोन-तीन वर्षांनी जाऊन भावाच्या नावाने काही केलं असेल तर तिथे तारीख पण असेल, आणि ती तारीख हातात घेऊन सॉल्ट लेकला गेलात तर शोध किती आवळला जाईल बघा.

इंग्रजीची काळजी करू नका, खरंच. मागच्या वर्षांची पुष्कळ व्याख्यानं रूट्सटेकच्या साइटवर फुकट आहेत, २०२१ आणि २०२२ मध्ये तर करोनामुळे अख्खी परिषदच ऑनलाइन झाली होती. आत्तापासून रोज रात्री जेवण झाल्यावर एक लावा, खाली सबटायटल चालू करा, वेग कमी करा. महिनाभरात कान बसतो, आणि ठराविक शब्दच फिरून फिरून येतात. विषय निवडताना गावांच्या आणि देशांच्या मागे जाऊ नका, अमेरिकन जनगणना, आयरिश चर्च, हे तुम्हाला काय करायचंय. पद्धत शिकवणारं बघा: पहिल्या महायुद्धाचे सैनिक कसे शोधायचे, म्हाताऱ्या माणसांची मुलाखत कशी घ्यायची, एकाच नावाची दोन माणसं वेगळी कशी ओळखायची. हा शेवटचा विषय तर आपल्यासाठीच आहे, आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला, त्यामुळे एकाआड एक पिढीत तोच माणूस. ब्रिटिश भारतावरचं काही दिसलं तर आधी वर्णन वाचा, त्यातलं बरंचसं भारतात राहिलेल्या युरोपियन कुटुंबांचं असतं. व्याख्यानाच्या नोट्स आधी डाउनलोड होत असतील तर छापून न्या, म्हणजे बोललेलं निसटलं तरी बोट ठेवायला कागद असतो. दिवसाला दोन किंवा तीन, त्याहून जास्त ऐकलं की काही लक्षात राहत नाही. मधल्या वेळात मदतीच्या टेबलवर जाऊन बसा. तुमच्या माणसाचं एक पान तयार ठेवा, वर नाव आणि स्पेलिंगं, मग जे नक्की माहीत आहे ते, मग जे ऐकीव आहे ते वेगळं, आणि खाली प्रश्न एका ओळीत. ते पान पुढे केलं की बोलायला इंग्रजी फार लागत नाही.

वंशावळीचं झाड कॉम्प्युटरवर कुठे ठेवायचं ते पण ठरवून जा. फॅमिलीसर्च ही चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सची, म्हणजे आपण ज्यांना मॉर्मन म्हणतो त्यांची संस्था. त्यांच्या श्रद्धेत कुटुंबाचं नातं मृत्यूनंतरही राहतं, म्हणून तर त्यांनी एवढ्या नोंदी जपल्या आणि सगळ्यांना फुकट खुल्या केल्या, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. त्याच श्रद्धेतून ते आपापल्या मृत पूर्वजांच्या नावाने देवळात बाप्तिस्मा पण करतात. नियम स्वतःच्याच पूर्वजांपुरता आहे, पण त्यांच्या साइटवरचं झाड सगळ्यांचं मिळून एकच असतं, त्यात मृत माणसांची माहिती सगळ्यांना दिसते आणि इतर लोक ती बदलूही शकतात. तुमच्या भावकीला हे चालेल का ते आधी विचारा, घरातल्या कुणाला न विचारता नऊ पिढ्या तिथे चढवू नका. माझं मत विचाराल तर झाड आधी स्वतःच्या कॉम्प्युटरवर करा, ग्रॅम्प्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, देवनागरी घेतं. पेन ड्राइव्हवर फाइल नेताना जेडकॉम नावाच्या, सगळ्या वंशावळीच्या सॉफ्टवेअरना चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये न्यावी लागते, तेव्हा एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना एवढं जावयांना बघायला सांगा, नाहीतर तिकडे उघडल्यावर सगळ्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. हयात माणसांची नावं त्या फाइलमधून काढून टाका.

डीएनए टेस्ट. तुमच्या प्रश्नासाठी तिचा उपयोग नाही, निपुत्रिक गेलेल्या माणसाचा वंश डीएनएत कुठून सापडणार. एरवी पण आपल्या लोकांनी फार टेस्ट केलेल्या नाहीत त्यामुळे जवळचं कुणी जुळत नाही, आणि आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या जातीतल्या जातीत आणि मामाच्या मुलीशी लग्नं, त्यामुळे लांबचा माणूस पण जवळचा चुलतभाऊ म्हणून दिसतो. आणि थुंकी एकट्या तुमची असली तरी माहिती अख्ख्या भावकीची जाते. ट्वेंटी थ्री अँड मी सारख्या मोठ्या कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा लाखो लोकांना आपल्या डीएनएचं आता काय होणार हा घोर लागला होता. स्टॉलवर सवलत असते, गर्दी असते, हात पुढे होतो. घरी भावांशी बोलणं झालेलं नसेल तर नको.

बाकी किरकोळ. सॉल्ट लेक सिटी साधारण महाबळेश्वरच्या उंचीवर आहे पण हवा कोरडी, ओठ फुटतात, पाणी पीत राहा, मार्चमध्ये बर्फ पण पडू शकतो. बूट जुने, पायाला बसलेले न्या, सॉल्ट पॅलेसमध्ये चालणं फार आहे. विमानतळावरून ग्रीन लाइनची ट्राम थेट मध्यवस्तीत येते. पिशवीत दशम्या आणि चटणी असू द्या, दुपारी रांगेत उभं राहण्यापेक्षा बरं. आणि शुगरची वगैरे गोळी असेल तर ती मुलीच्या पर्समध्ये नको, तुमच्या खिशात.

कदाचित तीन दिवसांत नाव सापडणार नाही. स्पेलिंगांच्या यादीत अकरावं स्पेलिंग तिथे सुचेल आणि मग डेन्व्हरला परत आल्यावर एखाद्या रात्री सापडेल, असंही होतं, माझं तसंच झालं, परत आल्यावर सात महिन्यांनी. जे काही मिळेल, नुसती पलटण आणि तारीख मिळाली तरी, ते घेऊन नाशिकला जा. वहीत नाव लिहवताना आपण सहसा आपलं, बायकोचं, मुलानातवंडांचं सांगतो. गुरुजींना सांगा, पणजोबांच्या धाकट्या भावाचं पण लिहायचंय, पलटण अमुक, तारीख अमुक, आणि त्याच्या बायकोचं नाव कळलं असेल तर तेही शेजारी.